शब्दांच्या यादीचा मालक

"रिलीजला आठ दिवस उरलेत आणि तू एका फाइलसाठी अडून बसलीयेस?" सचिन म्हणाला. सचिन माझा मॅनेजर.

अडून बसले होते, हे खरं. आमच्या येरवड्याच्या ऑफिसात माझं काम लायसन्स क्लिअरन्सचं. ओपन सोर्स सॉफ्टवेअर कुणीही वापरावं, बदलावं, वाटावं म्हणून खुलं ठेवलेलं असतं. पण खुलं म्हणजे बेवारस नव्हे. प्रत्येक तुकडा कुणीतरी लिहिलेला असतो. तो कोणत्या अटींवर वापरायचा, हे लिहिणारा ठरवतो. त्या अटी म्हणजे लायसन्स. शेकडो जणांनी मिळून केलेल्या प्रोजेक्टमध्ये कुठला तुकडा कुणाचा, हे मी शोधते.

हा प्रोजेक्ट होता मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा. अंध मुलांच्या काही शाळा नव्या आवृत्तीची वाट बघत होत्या.

कोड तपासणाऱ्या स्कॅनरनं एक फाइल लाल दाखवली. शब्द आणि त्यांचे उच्चार, अशी भलीमोठी यादी. वर ना नाव, ना लायसन्स. रेकॉर्डप्रमाणे ती आमच्याच एका इंजिनिअरनं टाकलेली. तो केव्हाच कंपनी सोडून गेला होता. मी यादी वाचायला घेतली. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगणं, यांतला ज वेगळा उच्चारायचा, अशी बारीक नोंद होती. छापखान्यातले जुने शब्द होते. हे आमच्या इंजिनिअरचं काम नाही, हे मला पहिल्या पानावरच कळलं.

प्रोजेक्टच्या जुन्या ईमेल दोन दिवस चाळल्या, तेव्हा मूळ यादी सापडली. सगळ्यात वर लिहिलं होतं : 'सर्वांनी वापरावी. माझं नाव तेवढं राहू द्यावं. दत्तात्रय कांबळे, निवृत्त मुद्रितशोधक, कसबा पेठ.'

नेमकं तेच आम्ही पुसलं होतं.

"कुणाला कळणार आहे?" सचिन म्हणाला.

"मला कळलंय."

"मग नवी यादी करू."

"ही समोर ठेवून केली तर ती नक्कल. न बघता केली तर वर्ष जाईल."

नाव राखण्याची अट आम्हीच मोडली होती, म्हणून आता नव्यानं परवानगी हवी होती. मी संमतीचा फॉर्म घेऊन कसबा पेठेत गेले. तीन जिने चढून कांबळे सरांचं दार. सरांनी फॉर्म वाचला, लाल पेन काढलं आणि शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या. मग फॉर्म परत दिला. सही नव्हती.

"नाव काढायला परवानगी लागली नाही. आता सही मात्र लागते?"

"सर, चूक आमची आहे."

"आमची म्हणजे कुणाची? मोघम बोलू नका."

"कंपनीची."

"मग कंपनीला घेऊन या."

आत खुर्चीवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांची दृष्टी गेल्यावर सरांनी कॉम्प्युटरवर पेपर ऐकवायला सुरुवात केली होती. कॉम्प्युटर भलतेच उच्चार करायचा. त्या सांगायच्या आणि सर एकेक शब्द टिपून घ्यायचे. त्यातून ही यादी झाली होती.

"अहो, किती ताणताय," बाई आतून म्हणाल्या. सरांनी लाल पेन खिशाला लावलं.

ऑफिसात येऊन सगळं सांगितलं. सचिननं लॅपटॉप बंद केला. मग म्हणाला, "उद्या सकाळी जाऊ."

दुसऱ्या दिवशी तो सरांसमोर उभा राहिला. "सर, माफ करा. आपलं नाव आमच्याकडून काढलं गेलं."

"काढलं गेलं नाही. काढलं."

सचिनचा चेहरा उतरला. "हो सर. आम्ही काढलं. परत घालतो, आणि काय झालं ते प्रोजेक्टच्या पानावर लिहितो."

"आता वाक्य बरोबर आहे," सर म्हणाले. पण सही करण्याआधी त्यांनी फॉर्मवर आपल्या नावाशेजारी पत्नीचंही नाव लिहिलं. "शब्द मी टिपले. चुका हिनं पकडल्या."

फाइलवर आता दोन्ही नावं आहेत, जुन्या आवृत्त्यांतसुद्धा. त्या दुरुस्त करण्यात रिलीज तीन दिवस लांबला. शाळांना सॉफ्टवेअर मिळालं. त्या प्रोजेक्टमध्ये माझी एकही ओळ नाही, तरी माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम कुठलं, असं विचारलं तर मी तेच सांगते.

टीममध्ये नवीन आलेल्यांना मी एवढंच बजावते : कुणाची फाइल घेताना सगळ्यात वरची ओळ आधी वाचा. ती पुसायला एक क्षण लागतो. परत लिहायला मॅनेजरला तीन जिने चढावे लागतात.