पातेल्यातला बाळकृष्ण

देवाचे आभार मानायला बसले आहे खरी, पण सुरुवात रागानेच करावी लागेल. त्या हिवाळ्यात माझ्याजवळ दुसरं काही नव्हतंच. कोलकात्याजवळ बराकपूरच्या आमच्या घरात आतल्या खोलीत माझे यजमान डोक्यावरून रजाई घेऊन पडलेले असत. त्याआधी कित्येक महिने हाच माणूस झोपत नव्हता. मोबाइलवर क्रिकेटच्या सट्ट्यात पैसे लावायचा, खोलीभर येरझाऱ्या घालायचा, आपल्याला सगळं आधीच कळतं म्हणायचा. पेन्शनवर कर्ज झालं, माझ्या पाटल्या गेल्या, वसुलीवाले दारात उभे राहून नावाने हाका मारू लागले. मग एके दिवशी हवा गेलेल्या फुग्यासारखे ते गादीवर पडले ते उठेनातच. दाढी नाही, आंघोळ नाही. “मी नसलेलाच बरा,” एवढंच बोलत, आणि मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड फिरवत. ते वाक्य ऐकून मला आधी भीती वाटायची आणि तिच्या मागोमाग संताप यायचा. आजारी म्हणून या माणसासाठी रडावं, की जुगारी म्हणून याला बडवावं, कळत नव्हतं.

तेव्हा मी जेमतेम साठीची, म्हणजे तशी पोरच. आता नातवंडांची आज्जी झाल्यावर त्या बाईला हसायचा मला हक्क आहे. नवी नवरी असताना तर ही बया आणखी वेडी होती. दिवाळीत पत्त्यांत नवरा जिंकला की “यांच्या हातात लक्ष्मी आहे हो” असं लाजत लाजत सगळ्यांना सांगत सुटायची. लक्ष्मी होतीच हातात. फक्त ती थांबायला आली नव्हती.

आमच्याकडे संकट आलं की देव पाण्यात घालतात. काम होईपर्यंत त्यांना बाहेर काढायचं नाही. मीही लग्नात माहेरून आलेला पितळी बाळकृष्ण देवघरातून उचलला आणि डाळीच्या रिकाम्या पातेल्यात पाणी भरून त्यात बुडवला. पौषाची थंडी होती. “हे बरे होऊन उठेपर्यंत बस इथेच,” म्हटलं. याला प्रार्थना म्हणणं खोटं ठरेल. वसुलीवाले मला जसे दमात घेत, तशीच मी त्याला घेत होते.

शेजारी नव्यानेच राहायला आलेल्या बंगाली बौदी, म्हणजे आपल्याकडच्या वहिनी, एका सकाळी नव्या गुळाची खीर घेऊन आल्या आणि ओट्यावरचं पातेलं बघून दचकल्या. त्यांच्यात ठाकूर, म्हणजे देव, पाण्यात जातो तो निरोप द्यायला. “दीदी, घर के ठाकुर का विसर्जन कर दिया?” त्यांनी विचारलं. मी आमची रीत सांगितली, घरातलं संकटही सांगितलं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

“ठाकुर जुआ खेला क्या, दीदी? जो खेला वो तो रजाई में सोता है, और ठाकुर पानी में. ये कैसा इन्साफ है आपका?”

जाता जाता म्हणाल्या की त्यांचा धाकटा भाऊही असाच होता, कधी हवेत उडायचा तर कधी तळाला जायचा. कोलकात्यात सियालदह स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांच्या औषधाने सावरला. “दादा राज़ी हो तो बोलना, मैं साथ चलेगी.”

माझं डोकं फिरलं. उपदेश करणाऱ्यांची काय कमी होती? मी कपड्यांची बादली उचलून गच्चीवर गेले आणि यांचा एकेक शर्ट असा झटकला, की आत माणूस असता तर सरळच झाला असता.

खाली आले तर रजाई रिकामी. धावत स्वयंपाकघरात गेले. हे फरशीवर बसले होते, मांडीवर बाळकृष्ण. हिवाळाभर डोक्यावरून न उतरलेली माकडटोपी काढून तिने त्याला पुसत होते.

“अगं, किती गारठलाय हा. याला कशाला बुडवलंस?”

“मग काय करू? तुम्ही तर वर येत नाही.”

ते पुसत राहिले. रांगत्या मूर्तीच्या गुडघ्यामागचं पाणीसुद्धा टोपीच्या कडेने टिपलं. मग मान वर न करता म्हणाले, “मलाही निघता येत नाहीये गं यातून. त्या बौदींना सांग, येतो म्हणून.”

खरं तर मी तिथेच हात जोडायला हवे होते. पण तोंडून निघालं, “आधी आंघोळ करा. वास मारताय.” आणि मग पातेलं पोटाशी धरून मी खूप रडले.

बौदी आमच्याबरोबर सियालदहला आल्या. आजाराला नाव मिळालं, गोळ्या सुरू झाल्या, बँकेचे व्यवहार आणि तो मोबाइल माझ्या ताब्यात आला. कर्ज अजून फिटतंय. मध्ये एकदा हे पुन्हा घसरले, तेव्हा मी भरलं ताट आपटलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. आजाराला मी माफ केलं आहे. पाटल्यांचं अजून बघू.

बौदींचा टोमणा यांच्या कानावर गेला, की बाळकृष्णानेच हाक मारली, हे मी कधी विचारलं नाही. मला ते दोन्ही एकच वाटतं. इतकं मात्र कळलं की घरात जुगारी एकटे हेच नव्हते. हे मोबाइलवर डाव लावत होते, मी पातेल्यात. शरण जायचं तर राग सोडावा लागतो असं मी समजत होते. सोडावी लागते ती अट. राग त्याला चालतो.

आज सकाळीही यांना गोळी दिली, बाळकृष्णाला आंघोळ घालून पुसलं, त्याच टोपीची लोकर उसवून विणलेली इवली टोपी त्याला चढवली. राग येतो अजून. आला की त्याच्यासमोर बसून त्याला चांगला खडसावते, पण कोरडा ठेवून.