तीन कोटेशनांचा कॅमेरा

नातीच्या बारशाला साधा, स्वस्तातला कॅमेरा घ्यायचा, एवढंच शांतारामरावांच्या मनात होतं. पण दिल्लीत तीस वर्षं सरकारी खरेदीच्या फायली हलवलेला माणूस दुकानात जाऊन सरळ वस्तू उचलेल कशी? त्यांनी नेहरू प्लेसच्या तीन दुकानांतून कोटेशनं आणली, तुलनेचा तक्ता केला आणि फाईल बायकोपुढे ठेवली. ‘घ्या हो एकदाचा!’ असा शेरा विजयालक्ष्मीबाईंनी मारला, तोवर ते मॉडेलच बंद झालं. मग पुन्हा नवी कोटेशनं.

अखेर कॅमेरा आला. पहिला फोटो शिवांगीनेच काढला; बारशाची ती नात आता दुसरीत होती. आजोबा अजून तक्ता पडताळत होते.

“आजोबा, फाईल नीचे करो ना,” ती ओरडली, “तुमचा चेहराच येत नाहीये!”