आधी मावशींना शिकवा!

शिकवणीवाल्याकडे फीपेक्षा किस्से लवकर जमा होतात. माझ्याकडे तर माझेच जास्त!

दिवसा मी तळोज्याला एका कंपनीत बॉयलरवर ऑपरेटर. संध्याकाळी नेरुळच्या फ्लॅटमध्ये दहावीच्या पोरांना ‘अभ्यास कसा करावा’ हे शिकवायचो. आणि स्वतः सुपरवायझरच्या परीक्षेत दोनदा आपटलेला! तिसरा चान्स शेवटचा होता.

पोरांना टाइमटेबल करायला लावलं, तेव्हा माझंही केलं. पाच रंगांची स्केचपेनं, पट्टी, चौकटी. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. शिरवणे गावातली सानिका, वर्गातली सगळ्यात आगाऊ पोरगी, ते बघून म्हणाली, “सर, रंगकाम झकास! अभ्यास कधी हाय?”

* * *

“महत्त्वाचं तेवढंच हायलाइट करा,” असं मी वर्गात बजावलं. सानिकाने माझं पुस्तक उघडलं. पानंच्या पानं पिवळीधमक.

“सर, यातलं बिनमहत्त्वाचं कुठंय?”

* * *

मोबाइल दूर ठेवा, हा माझा लाडका उपदेश. मी माझा फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवला आणि दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला उठू लागलो. सहाव्या ग्लासाला बायको म्हणाली, “डॉक्टरांना दाखवून या. आणि बोटाचं पीठ पुसा!”

* * *

माझा एकच उपाय खरा निघाला. शिकलेलं दुसऱ्याला समजावून सांगायचं. अडलात तिथे कच्चे आहात. सानिकाची आई बाजारात मासे विकायची; सगळे तिला मावशी म्हणायचे. सानिका तिच्या शेजारी बसून तिला विज्ञान शिकवायची. सहामाहीला पोरगी वर्गात पहिली!

“सर, तुमी तुमचं कोनाला शिकवता?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींच्या मासळीच्या पाटीसमोर स्टुलावर! सेफ्टी व्हॉल्व्हची पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली.

मावशी कोलंबी सोलत म्हणाल्या, “म्हंजे काय?”

मी परत तीच व्याख्या म्हटली.

“सर, तुमाला येत नाय ना? मना कळंल असं सांगा. आनि आटपा लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय!”

लाज वाटली. खरंच येत नव्हतं. घरी जाऊन पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. महिनाभर रोज संध्याकाळी एक धडा आणि अर्धा किलो मांदेली. घरात मांदेलीचं नाव काढायची सोय उरली नाही.

* * *

शेवटी तोंडी परीक्षा. पास झालो, हे आधीच सांगतो, म्हणजे तुम्हाला टेन्शन नको.

समोर परीक्षक. झुपकेदार मिशा, कडक इस्त्री, चेहऱ्यावर हसू नाही. बाहेर बाकावर दहा उमेदवार. परीक्षकांनी विचारलं, “सेफ्टी व्हॉल्व्ह समजावून सांगा.”

मी डोळे मिटले आणि सवयीने तोंडातून निघालं,

“मावशी, कोलंबी सोलत ऐका, कुकरमध्ये वाफ कोंडली की—”

जीभ चावली. संपलं सगळं! डोळे उघडले तर साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. त्यांनी दाराबाहेरच्या बाकाकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाले,

“सांग, सांग. पन आटप लवकर, गिऱ्हाईक खोळंबलंय!”