लोणावळ्याची रास

परवा नातीनं फोन पुढे धरला. यात शहराचं नाव घातलं की त्याची रास आणि स्वभाव कळतो म्हणे... लोणावळा घालू का? म्हटलं, घालायची गरज नाही, मला ठाऊक आहे. मेष! दहा वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. वडील लोणावळ्याला रेल्वेत सांधेवाले, गाड्यांचे रूळ बदलून देणारे. आई आणि मी नुकत्याच इंदुरीहून त्यांच्याकडे क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. इंदुरीला आजी-आबा, शेती, माणसांनी भरलेलं मोठं खटलं. तिथे आमच्या घरच्या मुली चौथीनंतर घरात बसायच्या, आणि लोणावळ्यात मला पुढे शिकता येणार होतं... माझा सगळा जीव त्यात.

पण पावसाळ्यात आईला हिवताप धरला, तो सुटेचना. आजीनं निरोप धाडला, की गाव लाभत नसेल, गावातल्या जोशीबुवांना दाखवून घेऊ. नवरात्र संपल्यावर आम्ही तिघं इंदुरीला गेलो.

आताच्या मुलांना हे माहीत नसेल... तेव्हा गावाचीही रास बघायचे. गावाच्या नावाच्या पहिल्या अक्षरावरून गावाची रास, माणसाच्या नावावरून माणसाची. मग माणसापासून गावापर्यंत राशी बोटांवर मोजायच्या. काही आकडे भरभराटीचे, काही दुखण्याचे. नव्या गावी बिऱ्हाड करण्याआधी लोक हे विचारून घेत.

जोशीबुवा ओसरीवर बसले, पंचांग उघडलं आणि म्हणाले, लोणावळ्याची मेष. मला इतकी मौज वाटली की मी विचारतच सुटले. इंदुरीची? वृषभ. पुण्याची? कन्या. मुंबईची सिंह. कामशेत आणि कान्हे, दोघांची मिथुन. बुवांनाही मजा येत असावी, न कंटाळता सांगत होते.

इंदुरीचं लगेच पटलं... किल्ल्याच्या कडेला, इंद्रायणीच्या काठी निवांत रवंथ करत बसलेलं गाव. पुण्याला मी तोवर एकदाच गेले होते, पण तिथल्या मावशीनं माझ्या परकरापासून बोलण्यापर्यंत सगळ्यात खोट काढली होती, तेव्हा चिकित्सक कन्या रासही पटली. लोणावळ्याचं मात्र कोडं पडलं. मेष म्हणजे तापट रास, आणि हे गाव तर चार महिने धुक्यात गुरफटून बसणारं.

मग घाट आठवला. चढणीला गाडीच्या मागून जादा इंजिन लावतात. ते डोकं टेकवून अख्खी गाडी वर ढकलत आणतं. मेंढाच की तो! मी खूश होऊन हे सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही, कारण तोवर बुवांनी आईची रास काढली होती.

आईचं नाव गंगा, रास मकर. मकरेपासून मेष चौथी. चौथी म्हणजे दुखणं, बुवा म्हणाले.

"मग इचारायचं काय ऱ्हायलं?" आबा म्हणाले. "सून आन् पोर हितंच ऱ्हातील."

वडील खाली मान घालून बसले. माझी शाळा गेली.

तेवढ्यात दाराआडून आई बोलली. सासऱ्यांसमोर तिचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. तिनं बुवांना विचारलं, नाव धरायचं ते कुठलं? बुवा म्हणाले, गावाचं बघताना त्या गावात ज्या नावानं हाक मारतात ते.

"मग मथुरा धरा," आई म्हणाली. "लोनावळ्यात मला समदी मथुराच म्हनत्यात."

आबांनी झटकन दाराकडे पाहिलं. मथुरा हे तिचं माहेरचं नाव. लग्नात आमच्या घरानं बदलून गंगा केलं होतं, चालच तशी होती. क्वार्टरमध्ये पहिल्या दिवशी शेजारणीनं नाव विचारलं, आईनं मथुरा सांगितलं, आणि सगळी चाळ तिला मथुराबाई म्हणू लागली. मी ते रोज ऐकत होते. पण त्यात काही विशेष आहे, हे मला त्या ओसरीवर कळलं.

जोशीबुवा सचोटीचा माणूस. त्यांनी बोटं पुन्हा मोजली. मथुरा सिंहेची, तिथून मेष नववी, भाग्याची. शास्त्राप्रमाणे हरकत नाही, म्हणाले... आणि हिवतापावरचं कुनैन चुकवू नका, हेही सांगितलं. आबांच्या कपाळावर आठ्या तशाच होत्या, पण बुवांना बोलावलं होतं त्यांनीच, आता त्यांचा शब्द मोडवेना. वडिलांनी मान वर केली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघतो म्हणाले.

निघायच्या आधी आजीनं मला परसात ओढून नेलं. मला वाटलं, आता आईच्या वाट्याची बोलणी मला खावी लागणार. पण ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "माजं नाव हौसा व्हतं गं. लोनावळ्याशी जमतंय का, ये बरं इचारून."

मी धावत ओसरीवर गेले. हौसा कोण, ते बुवांना सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. कर्क, मेष दहावी... उत्तम, म्हणाले.

लोणावळ्यात माझी शाळा चालू राहिली, आणि त्याच थंडीत आजी आमच्याकडे राहायला आली. शेजारणीनं दारातच नाव विचारलं. साऱ्या इंदुरीला धाकात ठेवणारी माझी आजी आधी लाजली, मग पदर सारखा करून मोठ्यानं म्हणाली, हौसा.

गावाला रास असते का, मला अजून माहीत नाही. पण स्वभाव असतो. आलेल्या बाईला तू कुणाची कोण असं न विचारता, तुझं नाव काय असं विचारणारं ते गाव होतं... त्याचे आमच्या घरातल्या तीन बायकांवर फार उपकार आहेत.