डावरीचा सतरा नंबर

तोफगोळ्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे डावरीच म्हणायचे. पोलादी कडी गोळ्यावरून सुळकन उतरली तर पास, अडली तर रिजेक्ट, हे तिचं काम. पास गोळ्याच्या बुडाला ती आपला सतरा नंबरचा ठसा हातोडीने मारायची. डाव्या हाताने मारल्यामुळे तो नेहमी तिरका बसायचा. ठशाचा पंच कुणी कुणाला द्यायचा नाही, असा तिथला रिवाज. डावरी तर तो कमरेच्या दोरीला बांधून घरी न्यायची.

एकदा ती तीन दिवस तापाने पडली. नेमकी मालाची घाई होती. साहेब स्वतः घरी आले, उशाशी स्टुलावर बसले, गोडगोड बोलले. नवरा म्हणाला, "देऊ नकोस." पण साहेब दारी आले म्हणून ही बया विरघळली आणि तिने दोरी सोडली. त्या चुकीसाठी तिने पुढे स्वतःला कमी शिव्या घातल्या नाहीत.

महिन्याभरात चाचणीच्या मैदानावर एक गोळा नळीतच अडकून फुटला. तोफेवरचा पोरगा जागच्या जागी गेला. तुकड्यावर सतरा नंबर निघाला. चौकशीत साहेबांनी कागद पुढे केला. "सही करा. नजरचूक झाली म्हणा, मी सांभाळून घेतो."

"आधी तुकडा दाखवा," डावरी म्हणाली.

ठसा सरळ होता, पट्टीने आखल्यासारखा. तिने तिथेच लोखंडावर आपला ठसा मारून दाखवला. तिरका. चौकशीवाल्यांनी माना डोलावल्या आणि अहवालात काय लिहिलं? "कारण अज्ञात." अज्ञात कसलं? कारण समोर खुर्चीत चहा पीत बसलं होतं! डावरी सुटली, साहेबांना बढती मिळाली, आणि त्या पोराच्या आईला कुणी काही कळवलं नाही. डावरीने दोन अर्ज केले, दोन्ही गडप झाले. तिचा जळफळाट व्हायचा. तिला नुसतं सुटायचं नव्हतं, ते कुणाचं काम होतं हे चारचौघांत बोललं जायला हवं होतं.

निवृत्तीच्या दिवशी खात्यातले सगळे जमले. साहेबांनी आठवण म्हणून चकचकीत पॉलिश केलेला रिकामा गोळा तिच्या हातात दिला. सवयीने तिने तो उलटा केला. बुडाला सतरा. सरळ.

त्या तीन दिवसांतला, स्फोटानंतर मैदानावरून परत आलेला माल! फुकटात भेट उरकायला कुणीतरी तोच उचलला होता.

तिने ॲप्रनच्या खिशातून कडी काढली आणि साहेबांच्या हातात ठेवली.

"साहेब, तुम्हीच घाला. तुमचाच माल आहे."

साहेब हसले, इकडेतिकडे बघितलं. कुणीच हसेना, तेव्हा त्यांनी कडी घातली. अर्ध्यावर अडली. दाबली, फिरवली, तरी उतरेना.

"रिजेक्ट," डावरी म्हणाली. "आता त्या पोराच्या आईला पत्र लिहा. हे सगळे साक्षीला आहेत."

गोळा तिथेच टेबलावर ठेवून ती घरी गेली.