गल्लीतला अर्धा तास

माझ्या बायकोची थोरली बहीण शहरदर्शनाच्या बसवर गाइड आहे आणि त्या बसचा ड्रायव्हर मी. घरी ती माझ्यावर हुकूम सोडते, बसमध्ये तर विचारूच नका. मी तिला ताई म्हणतो, ती मला जावईबापू म्हणते, आणि तेही माइकवरून, चाळीस प्रवाशांसमोर.

आमच्या फेरीत घंटाघर, संग्रहालय, बाग आणि शेवटी कारागिरांची गल्ली. ही गल्ली म्हणजे ताईचं माहेर. तिथे एक बाई लाकडी ठशांनी रुमाल छापते, एक जण वेताच्या टोपल्या विणतो आणि माझे सासरे लेथवर लाकडी डब्या नि भोवरे कातत बसतात. गल्लीची चूल आमच्या बसवर पेटते, आणि आमचं घोडं अडायचं तेही तिथेच. माणसं दुकानात शिरली की बाहेर म्हणून येत नाहीत. 'ही घेऊ की ती', 'वहिनीला आवडेल का', 'थांबा, फोटो पाठवून विचारते'. दर रविवारी कुणाची तरी संध्याकाळची गाडी चुकायची आणि तक्रार बसच्या मालकांच्या टेबलावर जाऊन पडायची.

शेवटी मालक वैतागले. "पुढच्या महिन्यापासून गल्ली बंद. हायवेवरच्या मोठ्या दुकानात दहा मिनिटं थांबा. तिथे सगळं तयार मिळतं." बातमी ऐकून सासऱ्यांनी लेथसाठी गिऱ्हाईक शोधायला घेतलं. ताई मात्र मालकांशी तासभर भांडली. ते एवढंच कबूल झाले की येत्या रविवारी स्वतः बसमध्ये बसतील. साडेपाचच्या आत बस स्टेशनवर, एकही माणूस मागे नाही, एकही तक्रार नाही. जमलं तर गल्लीतला थांबा राहील.

"लोकांना वस्तू निवडायला वेळ लागतच नाही," ताई मला म्हणाली. "कुणाला काय न्यायचं हे ठरवायला लागतो. ते दुकानात कशाला ठरवायचं? बसमध्ये बसून माशाच मारतात ना?"

रविवारी सकाळी घंटाघर बघून झालं तशी तिने नमुन्यांची पिशवी बसभर फिरवली आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. सीट नंबर, वस्तू आणि कुणासाठी. नावं नाहीत, कामाच्या घाईत चाळीस नावं कोण वाचत बसणार? चिठ्ठ्या आणि पैसे रिक्षाने दहाच्या आत गल्लीत पोचले. कारागिरांनी दिवसभरात माल तयार करायचा, चिठ्ठी वर चिकटवायची आणि साडेचारला बस गल्लीत आली की ज्याच्या त्याच्या सीटवर ठेवायचा. त्या वेळात लोकांनी मोकळ्या हातांनी अर्धा तास गल्ली बघायची. बेत मला फार आवडला, पण तसं बोललो नाही. डोक्यावर बसली असती.

घाण केली ती मी. जेवणानंतर ऊन डाव्या बाजूला आलं आणि तिकडची मंडळी कुरकुरायला लागली. ताई खाली बागेच्या तिकिटांच्या रांगेत होती. मी ऐटीत माइक उचलला. "सावलीत कुठेही बसा हो! सीट काय कुणाच्या बापाची नाही." झाली संगीतखुर्ची. मला वाटलं, काय पुण्यकर्म केलं! ताई परत आली आणि तिने नेहमीप्रमाणे डोकी मोजली. डोकी चाळीस भरली.

गल्लीतून सगळे पाचच्या ठोक्याला परत आले. हातात काही घ्यायचंच नाही, तर रेंगाळणार कशाला? पण जागेवर बसतात तोच गलका झाला. एका आजीबाईंच्या मांडीवर 'होणाऱ्या नवऱ्यासाठी' लिहिलेली डबी होती. एका मिशाळ गृहस्थांना गुलाबी रुमाल आला होता. सावलीसाठी मागच्या सीटवर जाऊन बसलेले मालक शांतपणे घड्याळ बघत होते.

"जावईबापू," ताईने हळूच विचारलं, "तुम्ही माइकवर काही बोललात?"

मी सगळं सांगून टाकलं. आता ही मला सोलणार, असं वाटलं.

"गाडी काढा."

"अहो ताई, पण सामान..."

"काढा म्हणते ना!"

मी गाडी काढली. तिने माइक घेतला. "आपल्यासमोरची चिठ्ठी एकेकाने मोठ्याने वाचा. नंबर नको, सकाळचा नंबर आता कुणाच्या लक्षात असणार? कुणासाठी आहे ते वाचा."

"सासूबाईंसाठी डबी, घट्ट झाकणाची!" आजीबाईंच्या पलीकडून कुणीतरी वाचलं. एक हात लाजत वर झाला आणि बस खदाखदा हसली. "रुसलेल्या बहिणीसाठी रुमाल!" "एका रुमालावर भागणार नाही हो, दोन न्यायचे!" डब्या, टोपल्या, भोवरे डोक्यांवरून मागेपुढे जायला लागले. सकाळपासून एकमेकांशी न बोललेली माणसं आता एकमेकांच्या नातेवाइकांची चौकशी करत होती. मी प्रत्येक सिग्नलला घाम पुसत होतो.

स्टेशन दिसायला लागलं तेव्हा एकच टोपली उरली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'स्वतःसाठी'. कुणी हात वर करेना. ताईने पुन्हा विचारलं. मग मागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"ती माझी," मालक म्हणाले.

बसमध्ये अशा टाळ्या पडल्या की मला हॉर्न ऐकू येईना. पाच सव्वीसला आम्ही स्टेशनवर उभे होतो. मालक टोपली छातीशी धरून उतरले आणि ताईला म्हणाले, "थांबा राहील. फक्त यांच्या हातात माइक देऊ नका."

रिकामी बस घेऊन आम्ही तडक गल्लीत आलो. ताई दारात उभी राहून ओरडली, "राहिला! आपला थांबा राहिला!" ठसेवाली धावत आली आणि तिने रंगाच्या हातांनीच ताईला मिठी मारली. ताई रडली, मीही रडलो, उगाच कशाला लपवू?

सासरे तेवढे जागचे उठले नाहीत. आमचं रडणं आवरेपर्यंत थांबले.

"पुढच्या रविवारी किती माणसं?"

"चाळीस, बाबा."

"मग जावईबापू, उद्या सकाळी लवकर या," ते म्हणाले. "लाकूड आणायला जायचंय."