घरटी एक माणूस

सभा चालवायचं काम मला का दिलं, ते दोन्ही सोसायट्यांनी माझ्या तोंडावरच सांगितलं. "मॅडम, तुम्ही एकट्या. तुम्हाला कुणाशी घेणंदेणं नाही." बिचारे कौतुक म्हणूनच म्हणाले. एकटेपणाचीही पात्रता होते, हे मला नवीन होतं.

आमची सोसायटी गुजरातेत, उधन्याला, गावाच्या मागच्या अंगाला. बहुतेक घरं खानदेशातली, लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये राबणारी. आम्ही ऑफिसात जाणारे मराठी चार-दोनच. भिंतीपलीकडे सौराष्ट्रातल्या लोकांची सोसायटी. मधल्या भिंतीत एक लोखंडी फाटक आहे, त्याला इथं सगळेच झांपा म्हणतात. त्यांची मुलं त्यातून आमच्याकडून शाळेला जातात, आमची माणसं त्यांच्याकडून बसथांब्यावर. झांपा नसेल तर खाडीला वळसा घालून, पुलावरच्या ट्रकांमधून वाट काढायची. अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं बाईमाणूस पायी जात नाही.

मी जवळच्या सचिन गावी एका कंपनीत कामगारांच्या तक्रारी ऐकते. संध्याकाळी घरी यायचं, दिवा लावायचा आणि सात वाजता झांप्यातून पलीकडे जायचं, हा माझा नेम होता. पलीकडच्या पहिल्याच घरात मोटीबेन राहते. वयानं माझ्याहून मोठी, गुडघ्यांनी अधू. दिवसभर नातू तिच्या गळ्यात. सातला सून कामावरून आली की ती सुटायची, आणि मुलगा हिऱ्याच्या कारखान्यातून येईपर्यंतचा वेळ आमचा. ओट्यावर बसून चहा प्यायचा. ती गुजरातीत बोलायची, मी मराठीत. भेंडी चिकट झाली, सून फुगली, असलंच काहीबाही. नवरा गेल्यापासून माझ्या घरात मोठ्यानं बोललं जायचं ते फोनवर मुलीला सांगितलेलं "मी बरी आहे" एवढंच. बाकी माझं असं जे काही बोलणं होतं, ते त्या ओट्यावर.

भांडण झालं ते आमच्या पोरांच्या बाइकवरून. सातची पाळी सुटली की ती पोरं झांप्यातून सुसाट आत शिरायची, आणि पलीकडे अंगणात चिल्लीपिल्ली खेळत असायची. एकाला धक्का लागला. बाइकवाल्याच्या थोबाडीत बसली. दुसऱ्या दिवशी झांपा कायमचा बुजवायला पलीकडच्यांनी विटा आणून टाकल्या आणि अलीकडे आमची पोरं स्टंप घेऊन उभी राहिली. माझं जाणं बंद पडलं. मिटलं की या, असं मोटीबेन फोनवर म्हणाली. पोलीस येण्याआधी एकदा बोलून बघू, असं दोन्हीकडच्या चार शहाण्यांना सुचलं, आणि ते माझ्याकडे आले.

मी अटी घातल्या. घरटी एकच माणूस येईल, नाहीतर सभेचा बाजार होतो. बोलणाऱ्यानं आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं सांगायचं, समोरचा "हो, हेच" म्हणाला की मग स्वतःचं. जे ठरेल ते सगळ्यांना सारखं, सूट कुणालाच नाही. आणि सभा चालवणाऱ्यानं स्वतःचं काही मांडायचं नाही. ही शेवटची अट कुणी मागितली नव्हती. मीच ऐटीत घातली.

रविवारी सकाळी आमच्या गच्चीवर सगळे जमले. "आमना पोर्‍या काय चोर शेतस का?" एक लूमवाला उठून कडाडला. मी म्हटलं, "दादा, आधी त्यांचं सांगा." तो माझ्यावरच उखडला. मग अडखळत म्हणाला, "त्यांचं म्हणणं, लहान लेकरू गाडीखाली आलं असतं म्हणजे?" बोलताबोलताच त्याचा आवाज उतरला. ज्यानं थोबाडीत मारली होती, त्यालाही आमची बाजू बोलावी लागली: पोरगा बारा तासांची पाळी करून दमून येतो, त्याला चारचौघांत मारलं. मग तो आपणहून म्हणाला, "ए मारी भूल हती." मला खरंच भरून आलं. मतदान मी एकदाही चुकवलेलं नाही, पण माणसं एकमेकांचं म्हणणं असं आपल्या तोंडात घेताना मी पहिल्यांदाच पाहिली.

मग मोटीबेनचा मुलगा उठला. शांत आणि मुद्द्याचं बोलणारा. झांपा बुजवू नका, म्हणाला. सकाळी उघडा आणि संध्याकाळी सातला कुलूप घाला; बाइकवाले पुलावरून येतील. "सात पछी अमारा घरमां कोईने झांपानुं काम नथी."

नियमाप्रमाणे लूमवाल्यानं ते परत सांगितलं. सातनंतर यांच्या घरात कुणालाच झांप्याचं काम नसतं. "हा, बराबर," मुलगा म्हणाला. तो घरी यायचा तेव्हा मी परतलेली असायचे. त्याला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

"कुणाची हरकत?" मी विचारलं, आणि लागतं त्याहून जास्त थांबले. गच्चीवरून पलीकडे पाहिलं. ओटा रिकामा होता. घरटी एक माणूस. त्या घरचा माणूस माझ्यासमोर उभा होता. माझ्या घरचा माणूस मीच, आणि मी सभा चालवत होते. मी ठराव वाचून दाखवला. टाळ्या पडल्या, विटा उचलल्या गेल्या. एका बाईनं मला पेढा भरवला. मला त्या पेढ्याचा राग आला.

सोमवारी सातला वॉचमन कुलूप घेऊन आला तेव्हा मी झांप्यापाशीच होते. का गेले होते, कोण जाणे. "मॅडम, आपके लिए खुला रखूँ?" माझं रोजचं जाणं-येणं आमच्या बाजूला त्या एकट्यालाच माहीत होतं. मी नको म्हटलं आणि घरी आले. टीव्ही लावला, बंद केला.

फोन वाजला. "बेन, चा ठंडी थाय छे. क्यां रही गयां?"

झांपा राहिला, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. कुलपाचं तिला घरात कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी सांगितलं. सभा कशी झाली, कोण कसं नमलं, तिचा मुलगा किती छान बोलला. ऑफिसात साहेबांना सांगते तशी मी बोलत सुटले. मागे नातू रडत होता.

"बधाने पूछ्युं?" तिनं विचारलं.

"हो. सगळ्यांना विचारूनच ठरलं."

"मने तो कोईए न पूछ्युं." रागानं नाही, साधंच म्हणाली. मग विचारलं, "अने तमने?"

"मलाही नाही," मी म्हणाले, आणि माझं रडणं तिला फोनवर ऐकू गेलं.